कीर्तिमंदिराचे दार

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात शिरताच उजव्या हाताच्या भिंतीवर एक लांबट लाकडी फलक लाविलेला आहे. विद्यापीठाच्या संघात ज्यांची निवड झाली अशा विद्यार्थ्यांची नावे त्यावर पांढऱ्या अक्षरांत, सालवार, लिहिलेली आहेत. जळगावच्या उन्हाळ्यांनी त्या अक्षरांचा रंग उडविला असून दोन-चार नावे तर आता तर्कानेच वाचावी लागतात. गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही त्या फलकाजवळून जात-येत आहो. परंतु थांबून तो वाचण्याचा प्रसंग आला तो ह्याच जूनमध्ये, आणि तोही एका पाहुणीमुळे. ती फलकापुढे उभी राहून एका विशिष्ट सालाखाली बोट फिरवीत होती. तेथे जे नाव असावयास हवे होते ते नव्हते. ते का नव्हते, हे त्या दालनात दोघांनाच ठाऊक होते. तिला आणि आम्हांला.

ही हकीकत सांगण्यापूर्वी खेळाविषयीचा आमचा अधिकार किती, ते वाचकांस सांगून टाकणे बरे. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. लहानपणी आट्यापाट्यांत आणि हुतूतूत गडी वाटून घेताना शेवटी जो एक उरत असे आणि ज्याला दोन्ही बाजू एकमेकांकडे ढकलीत, तो गडी म्हणजे आम्ही. पुढे खुर्ची आणि हजेरीपट हाती आल्यावर ह्या जुन्या अपमानाचा सूड आम्ही नकळत उगविला असल्यास नवल नाही. आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर असून त्याच्या खिडकीखालीच बास्केटबॉलचे मैदान आहे. आम्ही कवितेच्या अगदी ऐन कडव्यात शिरावे आणि खालून चेंडूचा धप्-धप् आवाज सुरू व्हावा, हे नित्याचेच. अशा वेळी आम्ही शिपायाला हाक मारून खिडकी लावून घेत असू, आणि वर्गाला सांगत असू की, ज्यांना डोक्याने पुढे जाता येत नाही ते पायांनी धावतात. वर्ग हसे. आम्हांलाही तो विनोद वाटे.

असे असता २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र चाळताना एका बातमीने आम्हांस थांबविले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने आपल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे कीर्तिमंदिरात, डायना एडुलजी ह्यांना स्थान दिले होते. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. बातमी क्रिकेटची, आणि क्रिकेटच्या बातम्या आम्ही एरवी उलटून टाकतो. परंतु त्यांच्या चरित्रातील एका वाक्यावर आमची नजर खिळली. मुंबईतील रेल्वे वसाहतीत टेनिसच्या चेंडूने खेळत वाढलेली ही पारशी मुलगी प्रथम बास्केटबॉल आणि टेबल टेनिस खेळत असे, आणि कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचली होती; क्रिकेट हा तिने मागाहून पत्करलेला खेळ. बास्केटबॉल हा शब्द वाचला आणि आमच्या खिडकीखालचा तो धप्-धप् आवाज कानांत पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर काही दिवस आम्ही ह्या खेळाविषयी मिळेल ते वाचीत सुटलो. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने, बर्फामुळे घरात कोंडलेल्या आडदांड विद्यार्थ्यांना काही उद्योग हवा म्हणून, दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. बास्केट म्हणजे टोपली; खेळाचे नाव तेथूनच आले. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये पुढे त्याच्या नावाने कीर्तिमंदिर निघाले आणि १९५९ साली पहिली नावे त्यात दाखल झाली. मौज अशी की, खेळ निघून दीड वर्षही लोटले नव्हते तोच, १८९३ च्या मार्चमध्ये, जवळच्याच स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन ह्या शिक्षिकेने मुलींचा सामना भरविला होता. तो पाहावयास पुरुषांना मज्जाव होता. मुलींचे धावणे पुरुषांनी पाहू नये, असा तो काळ. म्हणजे ह्या खेळात मुली जवळजवळ आरंभापासून आहेत. परंतु कीर्तिमंदिरात स्त्रियांचा प्रवेश झाला तो १९८५ साली. बेरेन्सनबाई त्या पहिल्या तिघींपैकी एक होत्या, आणि त्यांना वारून तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. मैदान लवकर उघडते, मंदिर उशिरा उघडते, असा ह्याचा अर्थ आम्ही तेव्हा केला.

एडुलजींची कहाणी ह्याहून फार निराळी नाही. भारतीय महिला संघ आपली पहिली कसोटी मालिका १९७६ साली वेस्ट इंडीजविरुद्ध खेळला, त्या संघात त्या होत्या. १९७८ च्या पहिल्या दिवशी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारतीय महिलांनी आपला पहिला एकदिवसीय सामना विश्वचषकात खेळला, तेव्हा बावीस वर्षेही पुरी न झालेली ही मुलगी संघाची कर्णधार होती. डाव्या हाताने संथ, वळणारा चेंडू टाकणे ही तिची विद्या. १९७६ पासून १९९३ पर्यंतच्या काळात २० कसोटी आणि ३४ एकदिवसीय सामने मिळून तिने १०९ बळी घेतले. त्यांपैकी ६३ कसोटीतले. १९८३ साली अर्जुन पुरस्कार आणि २००२ साली पद्मश्री हे मान तिच्या वाट्यास आले. १९९३ च्या विश्वचषकातही कर्णधारपद तिच्याकडेच होते.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल की, सतरा वर्षांत चोपन्नच सामने? आमच्याही मनात प्रथम तेच आले. परंतु आकड्यांपेक्षा आकड्यांमधल्या मोकळ्या जागा अधिक बोलतात. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर पुढली कसोटी खेळावयास ह्या संघाला १९९१ साल उजाडावे लागले. १९८८ चा विश्वचषक भारतीय महिलांवाचूनच पार पडला. गोलंदाजाच्या आयुष्यातील तिसाव्या ते पस्तिसाव्या वर्षापर्यंतचा पिकता काळ असा वाट पाहण्यात गेला. त्या पिढीतील मुली राखीव जागेवाचून आगगाडीच्या डब्यात दाटीवाटीने प्रवास करीत आणि सामन्याच्या गावी शाळांच्या खोल्यांतून जमिनीवर अंथरुण टाकीत, असे त्यांच्यापैकीच अनेकींनी सांगून ठेवले आहे. त्याच १९८६ च्या दौऱ्यात लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरील पॅव्हिलियनमध्ये एडुलजींना पाऊल टाकू दिले नाही. कारण एकच, त्या स्त्री होत्या. भारताच्या संघाचे नेतृत्व केलेली खेळाडू दाराशी, आणि दार लावलेले! त्यांनी ते हसण्यावारी नेले आणि क्लबाने आपले नावच पुरुषी अहंकाराला शोभेसे बदलून घ्यावे, असा टोमणा मारला. त्या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव १९९८ साली केला.

अशा स्थितीत ह्या मुली खेळत राहिल्या तरी कशा? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही पुन्हा खानदेशातच येऊन पोहोचलो. उत्तर आहे, रेल्वे. एडुलजी पश्चिम रेल्वेच्या नोकरीत होत्या, आणि रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्याव्यात, त्यांचा संघ उभा करावा, म्हणून त्यांनी खटपट केली. महिन्याच्या महिन्यास पगार आणि सामन्यासाठी रजा, ह्या दोन गोष्टी मिळाल्या की मध्यमवर्गीय घरातील आईबापांचा निम्मा विरोध मावळतो, हे आमच्यासारख्या नोकरदारास कोणी समजावून द्यावयास नको. भुसावळच्या वसाहतींत रेल्वेच्या भोंग्यावर दिवस मोजणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. सुरतेहून तापीच्या खोऱ्याने जळगावास येणारी वाट तर त्याच पश्चिम रेल्वेची. पुढे ज्या हरमनप्रीत कौरच्या संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेचा पराभव करून विश्वचषक जिंकला, त्या हरमनप्रीतलाही आरंभीच्या काळात पश्चिम रेल्वेच्याच नोकरीचा आधार होता. १९९३ साली खेळ थांबविलेल्या एडुलजींना कीर्तिमंदिराचे दार उघडले ते तीस वर्षांनी; परंतु तत्पूर्वी कितीतरी वर्षे त्या स्वतः दुसऱ्या मुलींसाठी एक लहानसे दार उघडे धरून उभ्या होत्या. आमच्या मते मान आहे तो ह्या दुसऱ्या गोष्टीचा.

आणि येथेच आमची लेखणी अडखळते. कारण दार उघडे धरण्याची पाळी एकदा आमच्यावरही आली होती.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. यावल तालुक्यातील एका खेड्यातून एक मुलगी आमच्या महाविद्यालयात आली. बाप केळीच्या बागांतून मजुरीने घड वाहणारा. मुलगी उंच, सडपातळ, आणि वर्गात नेहमी मागच्या बाकावर; बहुधा पाय पुढे मावत नसावेत म्हणून. इंग्रजीत बेताची. परंतु खालच्या मैदानावर ती उतरली की इतर वर्गांतील मुले खिडक्यांशी गर्दी करीत, असे आमचे सहकारी सांगत. आम्ही ते स्वतः कधी पाहिले नाही, कारण आमची खिडकी बंद असे. दुसऱ्या वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. सराव आणि स्पर्धा मिळून सुमारे तीन आठवड्यांचा प्रश्न होता. त्या मुदतीत आमची चाचणी परीक्षा येत होती, आणि तिची हजेरी आधीच सरावामुळे कमी भरत होती. वर्गाचे प्रमुख म्हणून आम्ही शिफारशीच्या कागदावर सही केली असती तर ते दिवस हजेरीत धरले गेले असते आणि चाचणी मागाहून देता आली असती. नियमात तशी तरतूद होती. एवढेच की, ती आमच्या मर्जीवर होती.

ती तीनदा आली. तिसऱ्यांदा बापाला घेऊन आली. तो गृहस्थ आमच्या दाराबाहेर वहाणा काढून आत आला आणि, "पोरीले एक डाव जाऊ द्या, सर," एवढेच बोलला. आम्ही त्यास खुर्ची दिली, पाणी दिले, आणि एक छोटेखानी व्याख्यानही दिले. खेळाने पोट भरत नाही; पदवी हाती असली तर कोठे तरी शिक्षिकेची नोकरी लागेल; आज हिला सवलत दिली तर उद्या दहा जण मागतील; नियम म्हणजे नियम. आमच्या बोलण्यातील एकही वाक्य खोटे नव्हते. तो माणूस मान हलवीत ऐकत राहिला. शिकलेल्या माणसाचे म्हणणे खोडून काढावयाचे असते, हे त्यास कोणी शिकविले नव्हते. जाताना त्याने पिशवीतून केळ्यांची एक फणी काढून टेबलावर ठेवली. काम झाले नाही तरी ती त्याने परत नेली नाही.

मुलीने चाचणी दिली. संघात तिच्या जागी दुसरी गेली. त्या वर्षअखेर तिचे लग्न ठरले, आणि ज्या पदवीच्या नावाने आम्ही तिला अडविले ती पदवीही तिने घेतली नाही. आम्ही ही गोष्ट पुढे विसरून गेलो, असे म्हणणे खरे ठरणार नाही. आम्ही ती आठवणार नाही अशी तजवीज केली, हे अधिक खरे.

आमच्या जागी दुसरा शिक्षक असता तर काय करता, ह्याचा दाखला दूर शोधावयास नको. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जावयास खाशाबा जाधवांपाशी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर ह्यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कास्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या करून त्यांनी ते ऋणही फेडले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, आणि १९८४ सालीच त्यांचे अपघाती निधन झालेले होते. सरकारी मान असा सोळा वर्षे उशिरा पोहोचला; खर्डीकरांचा विश्वास मात्र वेळेवर पोहोचला होता. एका शिक्षकाने घर गहाण टाकले, आणि एका शिक्षकाच्याने एक सही झाली नाही! ह्या दोहोंतील अंतर मोजावयास बसलो की आम्हांस आमचे सारे वाङ्मय हलके वाटू लागते.

कोणी आमचे समाधान करील की, ती मुलगी पुढे खेळाडू म्हणून चमकली असती कशावरून? खरे आहे. बहुधा ती एडुलजी झाली नसती. विद्यापीठाकडून एक-दोन वर्षे खेळून तीही संसाराला लागली असती. पण ह्या युक्तिवादाने आमची सुटका होत नाही. आम्ही तिच्यापासून जे हिरावले ते कीर्तिमंदिर नव्हे. जिमखान्यातील त्या फलकावरची बोटभर जागा, आणि आगगाडीत बसून परगावी आपल्या विद्यापीठाच्या नावाने खेळावयास जाण्याचे तीन आठवडे. तेवढे तिने स्वतःच्या बळावर मिळविलेले होते. ते देणे आमच्या हाती नव्हते. फक्त अडविणे आमच्या हाती होते, आणि आम्ही तेच केले. आज आमच्या विद्यापीठाला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. सोपानदेवांनी आईच्या ओव्या उतरून ठेविल्या नसत्या तर १९५२ साली ते पुस्तक निघाले नसते आणि २०१८ साली विद्यापीठास ते नावही मिळाले नसते. त्या नावाच्या कमानीखालून आम्ही उत्तरपत्रिका तपासावयास जातो, तेव्हा हल्ली मान थोडी खाली जाते.

आता पुन्हा त्या जूनच्या दिवसाकडे. फलकापुढील ती पाहुणी म्हणजे तीच मुलगी. केसांत थोडे रुपेरी आले होते, उंची तशीच. आपल्या मुलीला प्रवेश घ्यावयास ती आली होती. मुलगी आईहूनही दोन बोटे उंच. आम्ही ओळखले हे तिच्या ध्यानात आले. तिने वाकून नमस्कार केला. आम्ही काही तरी बोलावे म्हणून बापाची चौकशी केली. तो चार वर्षांपूर्वी गेला, असे तिने सांगितले. नंतर आम्ही धीर करून म्हटले, "तुझे नाव येथे असावयास हवे होते. ते आमच्यामुळे राहिले." ती क्षणभर फलकाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हो सर." बस्स, एवढेच. 'असू द्या' म्हणाली नाही, 'त्याचे काय एवढे' म्हणाली नाही. तिने आम्हांला तेवढी खोटी सवलत दिली नाही, ह्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहो. मग मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिने विचारले, "सर, ही पण खेळते. आता हजेरीचं कसं असतं?"

आम्ही दोघींना घेऊन कार्यालयात गेलो आणि नियमांचे पुस्तक काढून ते कलम मुलीच्याच हाती वाचावयास दिले. अर्ज कोणाकडे करावयाचा, कोणत्या मुदतीत करावयाचा, सही कोणाची लागते, सारे तिला लिहून दिले. पंचवीस वर्षांपूर्वी हेच करावयास दहा मिनिटे लागली असती. ह्याने मागचे काही भरून आले असे आम्ही मानीत नाही. फलकावरील ती बोटभर जागा आता कोणालाच भरता यावयाची नाही. ज्येष्ठांच्या सन्मानाच्या बातम्या वाचून आपण मध्यमवर्गीय माणसे हळहळतो की, मान फार उशिरा मिळाला. त्या हळहळीत दोष कोणा दूरच्या समितीचा असतो. पण उशीर नेहमी समितीतच सुरू होत नाही. पुष्कळदा तो घरातील जेवणाच्या पाटावर सुरू होतो, नाही तर आमच्यासारख्याच्या टेबलावर.

पाऊस लांबला आहे. काल तिसऱ्या प्रहरी आम्ही वर्गात एका इंग्रजी कवीची सुनीते शिकवीत होतो. खाली मैदानावर चेंडूचा आवाज सुरू झाला. शिपाई सवयीने दाराशी येऊन उभा राहिला आणि खिडकीकडे पाहू लागला. आम्ही त्याला मानेनेच नको म्हटले, आणि आवाज थोडा चढवून पुढली ओळ वाचली.